लोडरचा बोल्ट तुटला, आता काढायचा कसा?

पावसाळाभर शेडबाहेर उभा राहिलेला लोडर सोयाबीन निघाल्यावर कामाला जुंपला जातो आणि पहिल्याच आठवड्यात बोल्ट तुटतो. इंदूर आणि आसपासच्या वाचकांकडून या वेळी आलेली बहुतेक पत्रं ह्याच दुखण्याची आहेत. म्हणून हा अंक फ्रंट लोडरच्या तुटलेल्या आणि जाम बोल्टांना दिला आहे.

प्रश्न : आमच्या गोशाळेत 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. त्याला फ्रंट लोडर लावून शेण उचलतो. उजवं ब्रॅकेट क्लच हाउसिंगला चार एम16 (16 मिमी व्यासाच्या) बोल्टांनी बसवलेलं आहे, त्यातले दोन तुटले. एक काम चालू असताना तुटला, तो भोकात 6 मिमी आत आहे. दुसरा आम्ही खोलायला गेलो तेव्हा पिळून डोकंच हातात आलं, त्याचा 10 मिमी बुंधा बाहेर आहे. मिस्त्री म्हणतो, ड्रिल मारून इझी-आउट (तुटक्या बोल्टच्या भोकात उलटं पिळून तो फिरवायचं निमुळतं हत्यार) लावू, दोन्ही निघतील. लावू द्यावा का? — एक वाचक, सांवेर

उत्तर : पहिल्याला कदाचित, दुसऱ्याला मुळीच नाही. दोन बोल्ट शेजारी असले तरी त्यांच्या तुटण्याची कारणं निराळी आहेत.

काम चालू असताना तुटलेला बोल्ट बहुतेक वेळा जाम नसतो. तो आधी ढिला झालेला असतो, मग रोजच्या हिसक्यांनी वाकत राहतो आणि थकून तुटतो. टॉर्च मारून तुटलेली बाजू पाहा. शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या एका कडेपासून सरकत आलेल्या दिसतील आणि उरलेला थोडा भाग खरखरीत, दाणेदार असेल. तसं असेल तर डोकं गेलं तेव्हाच त्याच्यावरचा ताणही गेला. टोकदार पंच मध्यावर न ठेवता कडेजवळ तिरका ठेवा आणि घड्याळाच्या उलट दिशेला हलके ठोके द्या. पुष्कळदा एवढ्यावर तो फिरू लागतो, आणि एकदा फिरला की चिमट्याने बाहेर येतो. इझी-आउटसुद्धा इथे चालून जातो, कारण त्याला जोर करावाच लागत नाही.

दुसऱ्याचं तसं नाही. तिथे गंजाने आटे धरले आहेत आणि अख्ख्या जाडीच्या बोल्टलाही तो पीळ सोसला नाही. आता त्याच बोल्टला मधोमध पोखरून 8 मिमीच्या इझी-आउटने फिरवायचं म्हणजे काय, ते बघा. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे व्यास निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. इझी-आउटचं पोलाद बोल्टपेक्षा कठीण असतं हे खरं, पण तितकंच ठिसूळही असतं. शिवाय नेहमीचा निमुळता इझी-आउट जितका पिळाल तितका आत शिरतो आणि पोकळ झालेल्या बोल्टला बाहेर फुगवून आट्यांत आणखी घट्ट बसवतो. मग इझी-आउट आतच तुटतो, आणि त्यात साधं ड्रिल शिरत नाही. जाम बोल्ट काढताना आमचा एकच आग्रह असतो: जो उपाय फसला तरी पुढचा करता येईल, तो आधी करा. इझी-आउट फसला की पुढची वाट जवळपास बंद होते.

हात लावण्याआधी बकेट सपाट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लोडरचे लिव्हर सगळ्या दिशांना हलवून हायड्रॉलिकचा दाब उतरवा. एका बाजूचे दोन बोल्ट आधीच गेलेत, त्यामुळे उरलेले दोन सोडण्यापूर्वी फ्रेमखाली स्टँड किंवा लाकडाचे भक्कम ठोकळे लावा. लोडरचं वजन शेकडो किलो असतं, जॅकच्या भरवशावर त्याखाली शिरू नका.

आता बाहेर आलेला 10 मिमी बुंधा. तारेच्या ब्रशने मुळाशी घासा, भेदक तेल (फटीत शिरणारं पातळ तेल, पेनिट्रंट) सोडा आणि बुंध्याच्या टोकावर एक किलोच्या हातोडीने सरळ रेषेत पाच-सहा कडक ठोके द्या. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला बारीक तडे जातात आणि तेलाला आत जायला वाट मिळते. हे सकाळ-संध्याकाळ करत एक दिवस राहू द्या. मग वेल्डिंग.

एम16 चा काळा, म्हणजे जस्त न चढवलेला नट बुंध्यावर बसवा. जस्ताचा नट असेल तर आधी ग्राइंड करून घ्या, जस्ताचा धूर छातीत भरला की संध्याकाळी हमखास थंडी-ताप येतो. बुंधा नटातून जेमतेम अर्ध्यापर्यंत येईल असा नट ठेवा आणि वरच्या पोकळीत काडीने तळापासून भरत या. 3.15 मिमीची साधी 6013 काडी 110 ते 120 अँपिअरवर चालते. 7018 जास्त चिवट धरते, पण ती कोरडी हवी. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पाकिटातली 7018 वापरण्यापेक्षा 6013 बरी. नट बाहेरून चिकटवून उपयोग नाही, वेल्ड आतल्या बुंध्याला अखंड धरायला हवा.

इथे नट हा नुसता पाना लावायचा दांडा नाही. वेल्डिंगने बोल्ट लाल होतो, फुगायला बघतो, पण भोवतीचं बीड (हाउसिंगचं ओतीव लोखंड) त्याला फुगू देत नाही, त्यामुळे आट्यांतला गंज चिरडला जातो. थंड होताना बोल्ट आकसतो आणि केसभर मोकळा होतो. म्हणून लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, पाण्याचा थेंब टाकला तर चरचरणार नाही इतकं निवू द्या, मग तेल सोडा. वरून पाणी ओतून थंड करणं टाळा, बीडाला तडा जाऊ शकतो.

पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेला दाब द्या, मग सोडायच्या. हलला की पुढे-मागे, पुढे-मागे, तेल टाकत. चरचर आवाज आला, घट्ट वाटलं, की थोडं मागे या. सलग काढायला गेलात तर अर्ध्यात पुन्हा अडकेल. नट उपटून आला तर काही बिघडलं नाही. ग्राइंड करा आणि दुसरा नट लावा. प्रत्येक वेळी तीच ताप-निवण्याची क्रिया होते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या नटाला निघणारे बोल्ट पुष्कळ असतात. पाइप मात्र लावू नका. एक मीटर पाइपवर 70 किलोचा माणूस लटकला की 690 न्यूटन मीटरच्या आसपास पीळ होतो, आणि 8.8 ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) कोरडा एम16 बोल्ट कसायलाच लागतात 210. त्या पाइपनेच तुमच्या बोल्टचं डोकं गेलं असावं, असा आमचा अंदाज.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, अल्टरनेटरचाही प्लग काढा. अर्थिंगचा चिमटा हाउसिंगवरच, बोल्टपासून वीतभर अंतरावर, रंग खरवडून लावा. चिमटा मागच्या चाकाला किंवा बकेटला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि पिनांमधून जातो, तिथे ठिणग्या पडून पृष्ठभागावर खड्डे पडतात. हायड्रॉलिकच्या होजवर ओली गोणपाटं टाका आणि ट्रॅक्टर गोशाळेच्या चाऱ्यापासून लांब उघड्यावर आणा. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून त्यावर वेल्डिंग कधीही करू नका, क्लोरीन असलेल्या क्लीनरचा तापल्यावर विषारी वायू होतो.

आत गेलेला बोल्ट पंचने हलला नाही तर? त्याच्या माथ्यावर काडीचे छोटे थेंब टाकत 6 मिमी वर यायचं, भिंतीला न चिकटता. तांब्याच्या नळीचा तुकडा तासून भोकात बसवला तर आटे शाबूत राहतात, वेल्ड तांब्याला धरत नाही. वर आल्यावर भोकाच्या तोंडावर वॉशर ठेवा, त्यावर एम12 किंवा एम14 चा नट. आतलं भोक लहान असलं की वेल्ड बीडावर न सांडता बोल्टवरच पडतो.

हेही फसलं तर ड्रिल, आणि इथे सगळा खेळ मध्याचा आहे. एम16 चे आटे 2 मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर 2 मिमी) असतात आणि बीडातल्या भोकाचा आतला व्यास सुमारे 13.8 मिमी. 12 मिमीचं ड्रिल मध्यापासून 0.9 मिमीपेक्षा जास्त सरकलं की बीडातले आटे कापायला लागलात. डोळ्याच्या अंदाजाने हे साधत नाही. तुमचा बोल्ट 6 मिमी आत आहे ते इथे उलट सोयीचं आहे: लेथवाल्याकडून बाहेरून 13.7 मिमी आणि आतून 5 मिमी असा बुश करून घ्या, तो भोकाच्या तोंडात बसवा आणि 5 मिमीचं पहिलं भोक त्यातून मारा. बुंधा बाहेर असलेल्या बोल्टला तो सपाट करून, ब्रॅकेट उरलेल्या बोल्टांवर जागेवर ठेवून, ब्रॅकेटच्या भोकात बसणारा बुश वापरता येतो. एम16 साठी ते भोक सहसा 17.5 मिमी असतं, तरी व्हर्निअरने मोजूनच सांगा.

ड्रिल कोबाल्टचं घ्या, सियागंजात टूल्सच्या दुकानात एम35 (हे माप नाही, पोलादाचा प्रकार) म्हणून मागा. 5 मिमीला मिनिटाला 600 फेऱ्या, 10 मिमीला 300, 12 ला 250 पुरेत. साधं हातड्रिल पूर्ण वेगात अडीच-तीन हजारांवर फिरतं, त्या वेगाने दहा सेकंदांत धार जळते आणि लोक बोल्टला दोष देतात. जोर भरपूर, वेग कमी, तेल सतत, आणि निघणारा कीस लांब वळीचा हवा. भुकटी पडू लागली की ड्रिल बोथट झालं. उलट्या धारेचं ड्रिल मिळालं तर फारच उत्तम, अर्ध्या भोकातच बोल्ट फिरून बाहेर आल्याचे प्रसंग कमी नाहीत. 5, 8, 10, 12 असं वाढवत गेलात की उरते ती पातळ नळी. तिची एक बाजू बारीक छिन्नीने आत वाकवली की ती सुटते आणि आट्यांत अडकलेली तार चिमट्याने ओढून काढता येते. मग एम16 × 2 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने, फक्त सफाईपुरता.

एक गोष्ट सुरू करण्याआधीच बघा: भोक बंद तळाचं आहे की आरपार? क्लच हाउसिंगमधली काही भोकं थेट आत उघडतात. आरपार असेल तर खालचं तपासणीचं झाकण काढा, ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस चिकटून बाहेर येईल. उरलेला चुंबकाने काढा. क्लच प्लेटवर तेल आणि कीस गेला तर बोल्टचं काम स्वस्तातलं वाटेल.

प्रश्न : इझी-आउट आत तुटला आहे. वरून ड्रिल घसरतं. कुणी तुरटीच्या पाण्यात ठेवायला सांगितलं. — एक वाचक, देपालपूर

उत्तर : तुरटी विसरा. उकळत्या तुरटीच्या पाण्यात पोलाद विरघळतं आणि ॲल्युमिनियम टिकतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या भागात तुटलेला टॅप काढायला ती युक्ती चालते. तुमचं हाउसिंग बीडाचं आहे, इझी-आउटबरोबर तेही खाल्लं जाईल.

आधी कडक टोकाच्या पंचने ठोकून तो फोडता येतो का बघा. ठिसूळपणा इथे तुमच्या बाजूने आहे, तुकडे पडले की चुंबकाने उचला. डोळ्यांवर गॉगल हवाच, हे तुकडे गोळीसारखे उडतात. नाही फुटला तर हवेच्या डाय ग्राइंडरवर 3 मिमीचा कार्बाइड बर लावून मधोमध हळूहळू कोरावं लागतं. वेळखाऊ आहे आणि हात स्थिर हवा. तेवढा धीर नसेल तर डाय-मोल्ड बनवणाऱ्या वर्कशॉपात स्पार्क मशीन असतं, सांवेर रोड आणि पिथमपूरकडे अशी कामं होतात. ते भोवतीच्या आट्यांना न दुखवता फक्त मधलं पोलाद जाळतं. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी हाउसिंग सोडवून न्यावं लागतं, त्यामुळे जागेवर येणारं लहान मशीन कुणाकडे आहे का ते आधी विचारा.

प्रश्न : जाम बोल्टवर डिझेल टाकावं, डब्ल्यूडी-40 मारावं की गिअरचं तेल आणि थिनर मिसळून? प्रत्येक जण वेगळं सांगतो. — एक वाचक, देवास

उत्तर : डिझेल पातळ असतं, शेतावर असतंच, आणि काहीच नसल्यापेक्षा बरं. डब्ल्यूडी-40 चा साधा निळा डबा मुख्यतः पाणी हटवण्यासाठी आहे, हलक्या गंजाला चालतो. जाम बोल्टसाठी त्याच कंपनीचा किंवा दुसऱ्या कुणाचा, पेनिट्रंट असं लिहिलेला डबा घ्या. घरगुती मिश्रणात ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, हे चांगलं काम करतं. मात्र दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवूनच टाका. गिअर बॉक्सचं 90 नंबरचं दाट तेल इथे निरुपयोगी आहे, ते फटीत शिरतच नाही. ॲसिटोन झटक्यात पेट घेतं. ते टाकलं असेल तर गॅस किंवा वेल्डिंगपूर्वी पुसून पूर्ण उडू द्या.

कुठलंही तेल टाका, एक मर्यादा आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली फट पूर्ण भरून जाते आणि तेलाला रस्ताच उरत नाही. रस्ता करतात ठोका आणि उष्णता. तेल त्यानंतरचं.

नट जाम असेल तर गॅसचा झोत नटावर धरा, बोल्टवर नाही. नट फुगायला हवा. बीडात रुतलेला बोल्ट असेल तर भोवतीचं बीड फिरता झोत ठेवून सावकाश तापवा, 200 ते 250 अंशांपर्यंत. एकाच जागी लाल केलं तर तडा जातो. मग मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवा. वितळलेलं मेण पाण्यासारखं पातळ होतं आणि फटीत ओढलं जातं, तेल मात्र तापलेल्या लोखंडावर धूर होऊन उडतं. स्वस्तातला हा उपाय गॅसवाले का वापरत नाहीत, हे आम्हाला न उलगडलेलं कोडं आहे. 8.8 किंवा 10.9 ग्रेडचा बोल्ट एकदा 400 अंशांपुढे गेला की त्याचा टेम्पर गेला असं समजून फेकून द्या, दिसायला नवा असला तरी.

प्रश्न : लोडरच्या ब्रॅकेटचे डाव्या बाजूचे तेच बोल्ट दर हंगामात तुटतात. आता 12.9 ग्रेडचे टाकावेत असं दुकानदार म्हणतो. — एक वाचक, बेटमा

उत्तर : बोल्ट कमकुवत आहे म्हणून तुटत नाही, ढिला होतो म्हणून तुटतो. हे पटलं तर पुढचं सोपं आहे.

ब्रॅकेट आणि हाउसिंग यांना बोल्टने इतकं दाबून धरायचं असतं की लोडरचा जोर दोन पृष्ठभागांच्या घर्षणातूनच जावा आणि बोल्टला आडवा मार बसूच नये. 8.8 चा एम16 नीट कसला की तो सुमारे 7 टनांनी दाबतो, 10.9 चा जवळपास 10 टनांनी. हा दाब गेला की ब्रॅकेट केसभर सरकू लागतं आणि प्रत्येक खेपेला बोल्ट वाकतो. मग ग्रेड कुठलाही असो, थकून तुटणारच. 12.9 तर त्यात जास्त नाजूक: त्यावर विजेने जस्त चढवलेलं असेल तर हायड्रोजन शिरून तो कसल्यावर काही तासांनी आपोआपही तुटू शकतो. कारखान्याने जो ग्रेड दिला आहे, बहुधा 8.8 किंवा 10.9, तोच ठेवा. ज्याच्या डोक्यावर आकडाच नाही तो 4.6 समजा आणि लोडरला लावू नका.

मग दाब जातो कशाने? सर्वांत जास्त वेळा रंगाने. ब्रॅकेट जाड रंग मारून बसवलं जातं, रंग हळूहळू दबतो आणि त्या दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरमध्ये बोल्टचा निम्मा ताण संपतो. दोन्ही पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत घासा, सरळपट्टी ठेवून सपाट आहेत का बघा. दुसरं कारण म्हणजे स्प्रिंग वॉशर. उच्च ग्रेडच्या बोल्टखाली तो पहिल्याच कसणीत सपाट होतो आणि पुढे काही धरत नाही. त्याऐवजी कडक केलेला जाड सपाट वॉशर लावा. तिसरं, बोल्टची लांबी. बीडात किमान 20 मिमी, शक्यतो 24 मिमी आटे धरले पाहिजेत, आणि बंद भोकाच्या तळाला बोल्ट टेकता कामा नये. तळाला टेकला तर टॉर्क पाना क्लिक करतो पण ब्रॅकेट दाबलंच जात नाही. अंदाज करू नका: काडीने भोकाची खोली मोजा, त्यात ब्रॅकेट आणि वॉशरची जाडी मिळवा आणि त्यातून 3-4 मिमी वजा करून बोल्ट घ्या.

एकाच बाजूचे तुटतात यालाही अर्थ आहे. मुरमाच्या ढिगात बकेटचा एकच कोपरा घुसवायची चालकाची सवय असते, सगळा पीळ त्या बाजूला जातो. किंवा लोडरच्या फ्रेमपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा ताणदांडा त्या बाजूला ढिला आहे, वाकला आहे, किंवा बसवताना अडचण होते म्हणून कुणी काढून ठेवला आहे. तो शोधा. हा दांडा नसताना क्लच हाउसिंगवर जो भार येतो त्याने पुढेमागे बोल्टऐवजी बीडच फुटेल, आणि ते दुरुस्त करायला ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो.

नवे बोल्ट टाकताना त्या बाजूचे चारही बदला. जे तुटले नाहीत त्यांनी तुटलेल्यांचा भार वाहिलेला आहे. टॉर्क ट्रॅक्टर किंवा लोडरच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच पाळा. पुस्तक नसेल तर कोरड्या एम16 ला 8.8 साठी 210 आणि 10.9 साठी 300 न्यूटन मीटर धरून चला. आट्यांना तेल लावलं असेल तर हे आकडे साधारण चौथ्या हिश्शाने उतरवा, नाहीतर बोल्ट ताणला जाईल. कसायचं ते समोरासमोरच्या जोड्यांत, तीन फेऱ्यांत.

आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद), म्हणजे निळं, लावणं गोशाळेत किंवा कोंबडखताच्या कामात फार फायद्याचं आहे. ते फट भरून टाकतं, त्यामुळे मूत्र आणि खताचं पाणी आट्यांत शिरत नाही. लाल जातीचं नको, ते सोडवायला 250 अंशांपर्यंत तापवावं लागतं. थ्रेडलॉकर नसेल तर पहिल्या तासानंतर, मग 10 तासांनी आणि पुढे दर 50 तासांनी टॉर्क तपासा. थ्रेडलॉकर लावलं असेल तर मात्र पुन्हा आवळू नका, त्याची पकड मोडते. डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा आणि ती तुटली आहे का एवढंच रोज बघा.

प्रश्न : तुटलेला बोल्ट निघाला, पण नवा एम16 दोन-तीन आटे जाऊन अडतो. टॅप मारून जागा करावी का? — एक वाचक, महू

उत्तर : थांबा. भोक बहुधा इंचातलं आहे. 5/8 इंच यूएनसी (इंचाच्या जाड आट्यांच्या) बोल्टचा व्यास 15.88 मिमी, म्हणजे एम16 च्या इतका जवळ की फरक नजरेला दिसत नाही. पण त्याचे इंचाला 11 आटे असतात, पिच 2.31 मिमी, एम16 चं 2. म्हणून दोन-तीन आटे जातात आणि मग आडवे येतात. पान्यावरूनही कळत नाही, 15/16 इंचाचं डोकं 23.8 मिमी असतं आणि त्यावर 24 चा पाना बसतो.

निघालेल्या बोल्टला पिच गेज लावा. गेज नसेल तर 25.4 मिमी लांबीत किती आटे आहेत ते मोजा: नेमके 11 असतील तर इंच, पावणेतेराच्या आसपास असतील तर मेट्रिक. महिंद्राचा बी-275 इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या रचनेवरून आला, टाफेच्या ट्रॅक्टरांची मुळं मॅसी फर्ग्युसनमध्ये आहेत. अशा जुन्या रचनांच्या बीडात इंचाचे आटे आणि त्यावर बाहेरून आलेलं मेट्रिक लोडर, अशी सरमिसळ सापडते. एम16 चा टॅप मारलात तर दोन्ही पद्धतींचे आटे एकमेकांना कापतील आणि धरायला काही उरणार नाही. उलट चूक जास्त धोक्याची आहे: 3/4 इंचाचा बोल्ट एम20 च्या भोकात सहज जातो, कारण पिच 2.54 आणि 2.5, पण तो आट्यांच्या पूर्ण उंचीवर धरत नाही आणि भाराखाली उपटून येऊ शकतो.

आटे आधीच गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची कॉइल) बसवा. एम16 साठी 16.5 मिमीचं ड्रिल, त्याच्याच संचातला खास टॅप आणि 24 मिमी लांबीची कॉइल. नीट बसवली तर बीडातल्या मूळ आट्यांपेक्षा ती मजबूत ठरते. एम18 करायचं असेल तर 15.5 मिमीचं ड्रिल लागतं, ब्रॅकेटचं भोकही 20 मिमीपर्यंत वाढवावं लागतं, आणि भोकाभोवती बीडाची भिंत पुरेशी जाड आहे का ते आधी पाहावं लागतं.

प्रश्न : बकेटच्या पात्याचे बोल्ट नटासकट गंजून गोल झालेत. वाचवता येतील का? — एक वाचक, हातोद

उत्तर : वाचवू नका, ते बदलायचेच असतात. ग्राइंडरने नटाला समोरासमोर दोन उभे काप द्या, आट्यांना लागेपर्यंत, आणि छिन्नीने फोडा. मग बोल्ट वरून ठोकून बाहेर काढा. गॅसने कापायचं असेल तर झोत फक्त नटावर ठेवा. पातं कडक केलेलं असतं, तापलं की मऊ पडून लवकर झिजतं. नवा बोल्ट चौकोनी मानेचा, 10.9 चा घ्या. खाच खरवडून बसवा, कसल्यावर डोक्यावर हातोडीचा एक ठोका मारा आणि पुन्हा कसा, कारण ठोक्याने मान खाचेत बसते आणि नट पुन्हा पाव फेरी ढिला सापडतो. पातं दोन्ही बाजूंनी धार असलेलं असेल तर आत्ताच उलटवून घ्या.

प्रश्न : लोडरच्या सिलिंडरची पिन जाम आहे, तिचा लॉक बोल्टही तुटला. गॅस लावू का? — एक वाचक, धार

उत्तर : पिन ज्या कानात बसते तो कान तापवा, पिन नाही, आणि सिलिंडरची नळी तर अजिबात नाही. नळीत अडकलेलं तेल तापून फुगलं तर सील उडतं किंवा नळी फुटते. त्याआधी ग्रीस निप्पल काढून भोक तारेने साफ करा, नवं निप्पल लावा आणि गनने भेदक तेल दाबून एक रात्र ठेवा. बहुतेक वेळा पिन जाम व्हायचं कारण हेच असतं: निप्पल बुजलेलं असतं आणि गनमधलं ग्रीस बाहेरूनच सांडत असतं. लॉक बोल्ट बारीक असतो, एम10 किंवा एम12. त्याला ड्रिल मारून नवा टाका. एम10 ला 8.5 आणि एम12 ला 10.2 मिमीचं ड्रिल, त्यावर टॅप.